दोन वह्या, दोन छपरं

माझ्या गाडीच्या डिकीत एक प्लास्टिकची बादली कायम असते. तिच्यात मऊ नायलॉनचे दोन ब्रश, पाण्याचे कॅन, जुना टॉवेल, गुडघ्याखाली घ्यायची रबरी चटई आणि न्हाणीघरात लावतात तसला एक आरसा. बर्फ वितळून जमीन वाळली, की एप्रिलच्या शेवटापासून हे सामान बाहेर निघतं. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात आम्ही राहतो. इथे मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांमधून जाणाऱ्या कुठल्याही रस्त्याला लागलं, की पाच-सात मैलांवर टेकाडावर एक पांढरं लाकडी चर्च दिसतं आणि त्याला लागून दफनभूमी. त्यातल्या बऱ्याच दगडांवरची भाषा नॉर्वेजियन आहे. मी या दगडांचे फोटो काढते.

हे काम कुणी मला दिलेलं नाही, त्याचे पैसेही मिळत नाहीत. १९९५ साली जिम टिप्टन नावाच्या अमेरिकन माणसाने प्रसिद्ध व्यक्तींच्या कबरी नोंदवण्यासाठी 'फाइंड अ ग्रेव्ह' सुरू केलं. पुढे त्यात साध्यासुध्या माणसांच्या कबरी येऊ लागल्या आणि बघता बघता त्याच जास्त झाल्या. २०११ मध्ये 'बिलियनग्रेव्ह्ज' आलं. पद्धत सोपी आहे. जगाच्या कुठल्यातरी टोकाला बसलेला माणूस विनंती करतो, 'माझ्या पणजोबांची कबर अमुक दफनभूमीत आहे, कुणी फोटो काढून देईल का?' जवळपास राहणारा स्वयंसेवक ती विनंती उचलतो, जातो, शोधतो, फोटो चढवतो. दगडावर शेवाळ असेल तर आधी परवानगी घेऊन पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवायचं. तारेचा ब्रश नाही, ब्लीच नाही, अक्षरं उठून दिसावीत म्हणून दाढीचा फेस तर मुळीच नाही. संगमरवर मऊ असतो, झिजतो. अक्षरं पुसट असतील तर आरशाने ऊन बाजूने पाडायचं. कोरीव खाचांत सावली पडते आणि क्षणभर नाव वाचता येतं.

एका मराठी बाईला या उद्योगात का पडावंसं वाटलं, असं इथले आणि तिकडचेही विचारतात. आमच्या घरात कुणाची कबर नाही. वडील गेले तेव्हा भाऊ अस्थी घेऊन नाशिकला गेला. तिथल्या उपाध्यायांनी वही उघडून आमच्या घराण्याचं पान काढलं. त्यात आजोबांची सही होती, त्यांच्याही वडिलांचं नाव होतं. भावाने फोनवर ते सगळं वाचून दाखवलं. मी विचारलं, "आत्यांची नावं आहेत का रे?" तो म्हणाला, "नाहीत गं ताई. लग्न होऊन गेलेल्यांची कुठे असतात?" त्याच वर्षी उन्हाळ्यात मी पहिली विनंती उचलली.



नॉर्वेतून अमेरिकेत झालेल्या स्थलांतराची सुरुवात १८२५ सालापासून मोजतात. त्या वर्षी जुलैच्या सुरुवातीला 'रेस्टाउरासियोन' नावाचं जेमतेम १६ मीटर लांबीचं गलबत स्टावांगर बंदरातून ५२ माणसं घेऊन निघालं. त्यांतले बरेच जण क्वेकर किंवा सरकारी चर्चवर नाराज असलेले धार्मिक लोक होते. ९ ऑक्टोबरला गलबत न्यूयॉर्कला पोचलं तेव्हा माणसं ५३ झाली होती, कारण वाटेत एक मुलगी जन्मली होती. गलबताच्या आकारमानाने ही संख्या अमेरिकन कायद्यात बसत नव्हती. दंड झाला. तो शेवटी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी माफ केला. या मंडळींसाठी आधी जाऊन जागा हेरून ठेवणारा क्लेंग पेअरसन पुढे आयुष्यभर भटकत राहिला आणि १८६५ साली टेक्सासमध्ये वारला. तिथल्या नॉर्स नावाच्या वस्तीत त्याची कबर आहे. १९८२ मध्ये नॉर्वेचे राजे पाचवे ओलाव तिथे जाऊन आले.

राजाने भेट द्यावी असा दगड एखाद्याच्याच वाट्याला येतो. पुढच्या शंभर वर्षांत त्या देशातून सुमारे आठ लाख माणसं अमेरिकेला गेली. १८६५ च्या जनगणनेत नॉर्वेची लोकसंख्या १७ लाख होती, हे लक्षात घेतलं की या आकड्याचं वजन कळतं. लोकसंख्येच्या मानाने युरोपात याहून जास्त माणसं फक्त आयर्लंडने गमावली. एकट्या १८८२ साली २८ हजारांहून अधिक लोक निघाले. कारणं फार गूढ नव्हती. देशातली जेमतेम तीन टक्के जमीन लागवडीची. देवीची लस आणि बटाटा आल्यावर पोरं जगू लागली, पण शेत थोरल्याकडे जायचं. धाकटे आणि कुळं यांना दुसऱ्याच्या रानाच्या कडेला झोपडी बांधून वेठीसारखं राबावं लागे. इकडे १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षं कसणाऱ्याला १६० एकर जमीन मिळत होती.

ते आले, गवताळ माळ नांगरला आणि पहिल्या दोन-तीन वर्षांतच दफनभूमीसाठी जागा राखली. लागलीच. १८७० च्या दशकात टोळधाड आली, घटसर्प आला. एकेका आईबापाच्या दगडाशेजारी ओळीने चार-चार छोटे दगड आहेत. वर कोकरू कोरलेलं आणि तारखा एकाच महिन्यातल्या.



या दगडांवरची खरी अडचण मृत्यूची नाही, नावाची आहे.

नॉर्वेच्या खेड्यात त्या काळी आपल्या अर्थाने आडनाव नव्हतं. ओलेचा मुलगा लार्स, तर तो लार्स ओल्सेन. लार्सचा मुलगा ओले, तर तो ओले लार्सेन. मुलगी असेल तर 'ओल्सदात्तर', म्हणजे ओलेची लेक, आणि लग्नानंतरही ती ओलेचीच लेक राहायची. थोरल्या मुलाला बापाच्या बापाचं नाव, दुसऱ्याला आईच्या बापाचं, असा रिवाज. त्यामुळे एका पंचक्रोशीत तीच दहा-बारा नावं फिरत राहत. ओळख पटायची ती तिसऱ्या शब्दाने, शेताच्या नावाने. ते शेत म्हणजे पत्ता. माणूस दुसऱ्या शेतावर राहायला गेला की त्याचा तिसरा शब्द बदलायचा.

मला हे समजायला वेळ लागला नाही. आपल्याकडेही नाव, बापाचं नाव आणि मग गाव. माझं आडनाव 'कर'ने संपतं. फरक इतकाच, की आपण बहुधा गाव सोडल्यावर त्या गावाचे 'कर' होतो आणि पुढे कुठेही गेलो तरी तेच राहतो. नॉर्वेचा माणूस मात्र ज्या शेतावर झोपतो त्याचाच. तिथे कायमचं आडनाव घेण्याची सक्ती १९२३ च्या कायद्याने आली.

अमेरिकेत उतरल्यावर या तीन शब्दांचं काय करायचं हे ज्याने त्याने आपापलं ठरवलं. एका भावाने बापाचं नाव धरलं, दुसऱ्याने शेताचं. गुरीची ज्युलिया झाली, सिग्रीची सारा. ओल्सेनचा ओल्सन झाला. १९१८ साली, पहिल्या महायुद्धाच्या तापात, शेजारच्या आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी आदेश काढला, की शाळा, चर्च, सार्वजनिक जागा आणि टेलिफोन यांवर इंग्रजीशिवाय दुसरी भाषा बोलू नये. तो आदेश वर्षअखेरीस मागे घेतला गेला, पण हवा बदलली होती. दगड वाचत फिरताना ती बदललेली दिसते. आधीच्या दगडांवर 'फ्योट' आणि 'द्योड' म्हणजे जन्म आणि मृत्यू, 'हुस्त्रू आव' म्हणजे अमक्याची बायको, खाली तिचं स्वतःचं नाव, तिच्या बापाचं नाव, वय वर्षं-महिने-दिवसांत. नंतरच्या दगडांवर मोठं इंग्रजी आडनाव, पहिलं नाव आणि दोन सालं. दगड मोठा होत गेला आणि त्यावरची माहिती लहान.



२०१४ च्या मे महिन्यात एक विनंती आली. पाठवणाऱ्या बाई नॉर्वेतल्या, ८२ वर्षांच्या, निवृत्त शिक्षिका. त्यांच्या आजीची थोरली बहीण १८८१ च्या वसंतात हालिंगदालमधलं शेत सोडून मिनेसोटाला गेली होती. १८ वर्षांची होती. आजी तेव्हा ११ वर्षांची. आठ वर्षं पत्रं येत होती. १८८९ च्या नाताळानंतर एकही आलं नाही. १८९३ मध्ये आई वारली, तेव्हा घरच्यांनी कळवलं. त्यालाही उत्तर नाही. 'आई गेली तरी तिने दोन ओळी लिहिल्या नाहीत,' हे वाक्य आजी म्हातारपणीही म्हणायची.

मी त्यांना आधी साहजिक प्रश्न विचारला, की इतक्या वर्षांनी तिची कबर कशाला हवी? त्यांनी सांगितलं ते मला नवीन होतं. नॉर्वेत कबरीची जागा कायमची नसते. निदान २० वर्षं ती राखतात. नंतर कुटुंबाने भाडं भरत राहावं लागतं. भरणारं कुणी उरलं नाही, की दगड काढतात आणि त्याच जागेत दुसऱ्याला पुरतात. त्यांच्या आजीचा दगड असाच निघाला होता. पणजी-पणजोबांचा त्याच्याही आधी. म्हणजे जे घरी राहिले त्यांच्या खुणा राहिल्या नाहीत. जे समुद्रापार गेले त्यांच्या मात्र माळावर, वाऱ्यापावसात, अजून उभ्या आहेत. तिथले स्वयंसेवक म्हणूनच दगड जाण्याआधी त्यांची नोंद करत असतात. १९९० साली स्थापन झालेल्या, पूर्वी 'दिस-नोर्गे' आणि आता 'स्लेक्त ओग दाता' नावाच्या संस्थेने देशभरच्या कबरींची यादी लोकांच्या हाताने उभी केली आहे.

मी कामाला लागले. त्या बहिणीचं नाव इथे देत नाही. पहिलं नाव अतिशय प्रचलित, बापाचं त्याहून. नॉर्वेच्या सरकारी अभिलेखागाराने चर्चच्या वह्या आणि बंदरावरच्या पोलिसांच्या स्थलांतर-वह्या स्कॅन करून सर्वांना फुकट खुल्या केल्या आहेत. क्रिस्तियानिया, म्हणजे आजचं ओस्लो, इथल्या वहीत १८८१ ची तिची ओळ सापडली. मुक्कामाचं ठिकाण, रेड विंग, मिनेसोटा. रेड विंग आमच्यापासून तासाभरावर. त्या भागातल्या एका दफनभूमीत तेच पहिलं नाव, तेच जन्मसाल १८६२, असा दगड मला दोन आठवड्यांत मिळाला. ग्रॅनाइटचा, नवऱ्यासकट, इंग्रजीत. मृत्यू १९३१. पाच वंशावळी या बाईला हालिंगदालच्या त्याच शेताशी जोडत होत्या. पाच जण चुकतील कशाला? मीही जोडलं. फोटो पाठवला. आठ मुलं, चांगली शेती, शेवटपर्यंत चर्चच्या महिला मंडळात, असं सगळं उत्साहाने लिहिलं.

त्यांचं उत्तर आभाराचं होतं, पण शेवटी एक ओळ होती. 'म्हणजे आमच्या आजीचंच खरं. ती त्यानंतर ४१ वर्षं जगली आणि तिने लिहिलं नाही.'

मी ती ओळ वाचली आणि पुढची विनंती उचलली.



२०१७ च्या हिवाळ्यात मला एका शेतकऱ्याचा निरोप आला. ग्रॅनाइटच्या दगडाखालच्या बाई त्याच्या पणजी. माणूस मोठा सभ्य. म्हणाला, "तुम्ही खूप मेहनत घेता, पण आमची पणजी हालिंगदालची नव्हे, तोतेनची. घरी तिचं बायबल आहे आणि गाव सोडताना पाद्र्याने दिलेला दाखलाही आहे." त्याने फोटो पाठवले. दाखल्यावर जन्मतारीख, देवी काढल्याची नोंद, दृढीकरणाची तारीख, सगळं होतं. जन्मसाल १८६२. पहिलं नाव तेच. बापाचं नाव वेगळं. पण इंग्रजी दगडावर बापाचं नाव होतंच कुठे?

मी त्या पाच वंशावळी पुन्हा उघडल्या. या वेळी निष्कर्ष न बघता त्यांखालचे आधार बघितले. पाचवीचा आधार चौथी होती, चौथीचा तिसरी, आणि सगळ्यांच्या तळाशी एकच होती. तिच्या कर्त्याने काहीच आधार दिला नव्हता. आणि आता सहावा आधार म्हणून माझं पान. त्याला फोटो जोडलेला असल्यामुळे ते सगळ्यांत भक्कम दिसत होतं.

नॉर्वेच्या चर्चच्या वह्यांबद्दल एक गोष्ट मी तोवर केवळ गंमत म्हणून लक्षात ठेवली होती. १८१२ साली सरकारने हुकूम काढला, की बाप्तिस्मे, लग्नं, दफनं यांची वही दोन प्रतींत लिहायची. एक पाद्र्याने, दुसरी 'क्लोक्कर'ने, म्हणजे चर्चच्या कारकुनाने. आणि या दोन वह्या रात्री कधीही एका छपराखाली ठेवायच्या नाहीत. लाकडी घरांचा देश. आग लागली तर एक तरी उरावी. आज एखाद्या परगण्याची पाद्र्याची वही जळालेली असते आणि कारकुनाच्या वहीवर दोन पिढ्यांची माणसं तगून असतात.

उलट उदाहरण अमेरिकेचं. १८९० च्या जनगणनेची कागदपत्रं वॉशिंग्टनमध्ये एकाच इमारतीत होती. जानेवारी १९२१ मध्ये तिथे आग लागली. काही जळली, बरीचशी विझवण्याच्या पाण्याने भिजली, आणि उरलेली पुढे निकालात काढली गेली. दुसरी प्रत नव्हती. म्हणून १८८० ते १९०० अशी वीस वर्षांची दरी वंशावळ शोधणाऱ्या प्रत्येकाच्या वाटेत येते. १८८१ साली आलेली आणि १९०० च्या आत वारलेली बाई या देशाच्या कुठल्याच जनगणनेत सापडत नाही. ती नसतेच जणू. मग तिच्या नावाची, तिच्या वयाची, जगलेली दुसरी बाई सापडली की आपण हायसं वाटून तिलाच ती ठरवतो.

माझं चुकलं ते इथे. पाच वंशावळी म्हणजे पाच वह्या असं मी धरलं. त्या एकाच छपराखालच्या होत्या. नक्कल कितीही वेळा केली तरी छप्पर बदलत नाही.



मी नॉर्वेतल्या बाईंना लगेच काही लिहिलं नाही. आधी शोधायचं ठरवलं. जो प्रश्न तीन वर्षांपूर्वी विचारायला हवा होता तो आता विचारला, की त्या पत्रांपैकी एखादं पाकीट राहिलंय का? कारण विचाराल तर नंतर सांगते, असंही लिहिलं. चार दिवसांत फोटो आला. पत्र नव्हतं, नुसतं पाकीट. टपालाच्या शिक्क्यावर जे नाव होतं ते टपाल कार्यालय केव्हाच बंद झालेलं, पण जुन्या नकाशात मिळालं. रेड विंगपासून बरंच पश्चिमेला. रेड विंग हे तिच्या तिकिटाचं ठिकाण होतं, राहण्याचं नव्हे. नदीकाठच्या त्या गावातून हजारो माणसं पुढे गेली.

त्या टपाल कार्यालयाच्या आसपास तीन नॉर्वेजियन लुथरन मंडळ्या होत्या. अशा मंडळ्यांच्या वह्यांच्या सूक्ष्मचित्रफिती विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला नॉर्वेजियन-अमेरिकन वंशशास्त्र केंद्रात ठेवलेल्या आहेत. गेरहार्ड नेसेथ नावाच्या ग्रंथपालाने १९७४ साली हे केंद्र उभं केलं, आणि १८५० पर्यंत आलेल्या एकेका नॉर्वेजियन माणसाची नोंद करण्यात आयुष्याची कित्येक वर्षं घातली. इथले सुरुवातीचे पाद्री नॉर्वेत शिकलेले. त्यांनी मायदेशाच्याच पद्धतीने, त्याच गॉथिक वळणाने वह्या लिहिल्या. ते अक्षर वाचायला मी शिकले तेव्हा मला आजोबांच्या मोडीतल्या जमाखर्चाची आठवण व्हायची. आधी अख्खं पान म्हणजे नुसतं कुंपण वाटतं, मग एके दिवशी एक शब्द सुटतो.

दुसऱ्या मंडळीच्या वहीत ती होती. १८८४ मध्ये लग्न. १८८५ आणि १८८७ मध्ये दोन बाप्तिस्मे. १८९० च्या फेब्रुवारीत दफन. जन्मस्थानाच्या रकान्यात पाद्र्याने शेताचं नाव लिहिलं होतं, हालिंगदालचं. पुढच्याच पानावर नऊ दिवसांच्या बाळाचं दफन.

एवढ्यावर मी थांबले नाही. आता मला दुसरं छप्पर हवं होतं. नवरा १९०० च्या जनगणनेत नॉर्थ डकोटात सापडला, दुसऱ्या बायकोबरोबर. त्यांची पहिली मुलगी आठ वर्षांची, आणि तिचं नाव या वारलेल्या बाईचं. नॉर्वेत हा रिवाजच होता. विधुराने पुन्हा लग्न केलं, की त्या लग्नातल्या पहिल्या मुलीला आधीच्या बायकोचं नाव द्यायचं. दुसऱ्या बायकोने ते नाव हाक मारून मारून घरात राखायचं. आपल्याकडे गेलेल्या सवतीचा टाक गळ्यात घालतात, त्याची मला आठवण झाली.

मेमध्ये त्या दफनभूमीत गेले. चर्च आता नाही, नुसती जागा आहे आणि वर्षातून काही वेळा गवत कापणारा एक म्हातारा माणूस. त्याच्याकडे जागांचा हाताने काढलेला नकाशा होता. त्याने रांग दाखवली. रांगेत त्या जागी नुसतं गवत. तो म्हणाला, "पातळ दगड खाली बसतात. थांबा." त्याने लोखंडी सळई जपून टोचली, दोन-तीनदा मातीच, मग टक् असा आवाज. हिरवळीचा गालिचा गुंडाळावा तसा सोलून आम्ही खाली गेलो. संगमरवराची पाटी, दोन तुकडे झालेली. माती पाण्याने धुतली. उताणी पडल्यामुळे तिचा चेहरा झिजला होता, पण जमिनीखाली असल्यामुळे बराचसा वाचलाही होता. आरसा धरायला मी त्या गृहस्थांना सांगितलं.

'हुस्त्रू आव' आणि नवऱ्याचं नाव. खाली तिचं, बापाच्या नावासकट. वय २७ वर्षं, ८ महिने, ४ दिवस. मरण १६ फेब्रुवारी १८९०. मी वहीच्या मागच्या पानावर वजाबाकी केली. १२ जून १८६२. घरी आल्यावर हालिंगदालच्या चर्चची वही उघडली. १२ जून.

एक वही नॉर्वेत, एक मिनेसोटात, आणि दगड मातीत. तिन्हींची कधी एकमेकांशी गाठ पडली नव्हती, म्हणूनच त्यांचं एकमत विश्वासाचं होतं.



नॉर्वेतल्या बाईंना ते पत्र लिहायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. चुकीची दुरुस्ती कळवणं सोपं असतं. इथे मला सांगायचं होतं, की तीन वर्षांपूर्वी मी एका मेलेल्या मुलीवर ४१ वर्षांच्या विसरभोळेपणाचा आरोप ठेवला आणि तुम्ही तो खरा मानलात. आई गेल्याचं पत्र तिला मिळालंच नाही, कारण ते लिहिलं गेलं तेव्हा तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. नवऱ्याने कळवलं होतं का, त्याचं पत्र हरवलं का, की बाळ-बायको एका महिन्यात पुरून दोन पोरं घेऊन पश्चिमेला निघालेल्या माणसाला ते जमलंच नाही? याचं उत्तर कुठल्याही छपराखाली नाही. मी तेही तसंच लिहिलं.

त्यांचं उत्तर छोटं आलं. 'बरं झालं मी जिवंत असताना कळलं. आजीला कळायला हवं होतं.' मग खाली, शिक्षिकेच्या नेटक्या वळणात, एक विनंती. दगड पुन्हा उभा करता येणार असेल तर खर्च त्या देतील.

त्या गृहस्थांनी पैसे घेतले नाहीत. जोडलेली पाटी सिमेंटच्या चौकटीत आडवी, किंचित तिरकी बसवली, पाणी साचू नये म्हणून. मी नवं पान केलं, त्यावर प्रत्येक विधानाखाली त्याचा आधार लिहिला. कुठली वही, कुठलं पान, कुणी वाचलं. तोतेनच्या बाईंच्या पानावरचा माझा दुवा काढला आणि का काढला तेही लिहिलं. त्या शेतकऱ्याचा फोन आला. म्हणाला, "आमची पणजी आम्हाला परत मिळाली." तिच्या बाजूने मी विचारच केला नव्हता. तिचेही आईबाप मी तीन वर्षं बदलून ठेवले होते.

पाच जुन्या वंशावळींच्या कर्त्यांना लिहिलं. दोघांनी दुरुस्ती केली. एकाने उत्तर दिलं, की इतक्या ठिकाणी तसं आहे म्हणजे तेच बरोबर असणार. दोघांकडून काहीच नाही. मध्यंतरी बघितलं तेव्हा ती चूक आणखी काही झाडांवर उगवली होती. एका ठिकाणी आधार म्हणून माझा २०१४ चा फोटो होता.

आता मी विनंती उचलते तेव्हा फोटो काढण्याआधी विचारते, पाकीट आहे का, शेताचं नाव माहीत आहे का, बापाचं नाव काय. कामाचा वेग कमी झालाय. पूर्वी एका उन्हाळ्यात मी तीनशे दगड चढवायचे, आता शंभरही होत नाहीत.

गेल्या वर्षी नाशिकला गेले होते. उपाध्यायांना आमचं पान उघडायला सांगितलं आणि विचारलं, आत्यांची नावं लिहिता येतील का. त्यांनी जरा वेळ माझ्याकडे बघितलं, मग पेन काढलं. म्हणाले, "सांगा ताई. पण तारखा नक्की आहेत ना?" मी म्हटलं, "दोघींच्या आहेत. तिसरीची मी अजून दुसरीकडून पडताळून बघते, मग सांगते."